कोरल सितारची जवारी

'कोरल इलेक्ट्रिक सितार' हे नाव वाचून डोळ्यांपुढं भोपळा आणि लांब दांडी आली असेल, तर ती आधी बाजूला सारा. ही गिटारच आहे. सहा तारा, गिटारचेच फ्रेट, गिटारचंच ट्युनिंग. फरक दोन ठिकाणी. ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, असा की तार छेडली की झणझणते. आणि वरच्या अंगाला, वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडे, तेरा तरफा, म्हणजे मुख्य तारांच्या सुरानं घुमाव्यात म्हणून लावलेल्या जादा तारा. १९६७ साली न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीनं 'कोरल' या छापाखाली ती बाजारात आणली. न्यूयॉर्कच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये वाजवणारे गिटारवादक विनी बेल यांचा तिच्या घडणीत हात होता. तेव्हा अमेरिकेत सतारीच्या आवाजाला अचानक मागणी आली होती. त्याच वर्षी जूनमध्ये पंडित रविशंकर कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात वाजवून गेले. स्टुडिओत दुपारी चारला बोलावलेल्या गिटारवाल्याला सहा वाजेपर्यंत सतार वाजवून दाखवायची असेल तर दुसरा काय उपाय? रंगही त्या हौसेला साजेसा दिला, तडे गेलेल्या पोताचा काळपट लाल. नाव 'बॉम्बे रेड'. मुंबईत इतकी वर्षं काढली, पण हा लाल मी तिथं कुठं पाहिलेला नाही.

मी मूळची मिरजेची, राहते न्यू जर्सीतल्या एडिसनला. डॅनइलेक्ट्रोचा कारखाना होता नेपच्यून सिटीत, समुद्राच्या बाजूला, माझ्या घरापासून गार्डन स्टेट पार्कवेनं तासाभराच्या आत. त्याच भागात एका जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीत मला ही कोरल मिळाली. मूळ अवस्थेत असती तर माझ्या खिशाला झेपली नसती. चार मालकांनी चार हात मारलेली होती, म्हणून झेपली.

हात कुठं कुठं मारलेत ते आधी वाचावं लागतं, मग पाना उचलायचा. जुन्या गिटारच्या कामातला हा भाग मला सगळ्यात आवडतो. नेक, म्हणजे दांडी, उतरवली. डॅनइलेक्ट्रोच्या गिटारींवर नेक बसते त्या खाचेत चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचा वर्षाचा. दशक त्यात नसतंच, पण कोरल हा छापच १९६७ ते १९६९ एवढा टिकला, तेव्हा शेवटचा सात म्हणजे १९६७. मग पॉट. आवाज आणि टोनच्या बटणांखालच्या या डब्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. माझ्या वाद्यातले बाकीचे सगळे पॉट सदुसष्टचे, एक मात्र चौऱ्याहत्तरचा. म्हणजे १९७४ किंवा त्यानंतर कुणीतरी आत हात घातला होता. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली जुना रंग आणि नंतर मारलेला रंग वेगळे चमकतात. तिथं ब्रिजच्या भोवती एक मोठा चौकोन उजळला. खाली काहीतरी झाकलंय हे त्यावरूनच कळलं.

झाकलं होतं मूळ ब्रिजचं ठिकाण. झणझणणारा ब्रिज काढून कुणीतरी नेहमीचा धातूचा, सहा वेगवेगळ्या खाचांचा ब्रिज बसवला होता. शिवाय खुंट्या बदलून ग्रोव्हर कंपनीच्या जड खुंट्या, त्यासाठी डोक्याची भोकं रुंद केलेली. एक जादा स्विच. तरफांच्या तारा गायब, त्यांचा पिकअप, म्हणजे तारेचं हलणं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारं चुंबक-वेटोळं, मात्र जागेवर.

हे सगळं पाहून 'अरेरे' म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं नाही, कारण ब्रिज काढणाऱ्याची बाजू मला समजते. मूळच्या झणझणणाऱ्या, रुंद ब्रिजवर तार नेमकी कुठं संपते हे ठरलेलं नसतं. नेहमीच्या ब्रिजवर धारदार कड असते, तार तिथं संपते, विषय संपला. इथं तार एका किंचित उतरत्या सपाटीवरून निघते. या गिटारची तार साधारण ६३५ मिलिमीटर. हिशेब केला तर तारेचं टोक एक मिलिमीटर सरकलं की बाराव्या फ्रेटवरचा सूर पावणेतीन सेंटनी हलतो; सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पाच मिलिमीटर सरकलं तर चौदा सेंट, आणि ते कुठल्याही कानाला कळतं. सत्तरच्या दशकात ज्याला ही गिटार इतर वाद्यांबरोबर सुरात वाजवायची होती त्यानं वैतागून ब्रिज फेकला असेल तर मी त्याला दोष देणार नाही. फक्त त्यामुळं हातात उरली एक विचित्र आकाराची साधी गिटार.

थोडं डॅनइलेक्ट्रोबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचे निर्णय कळणार नाहीत. नेथन डॅनियल हा माणूस मुळात ॲम्प्लिफायरवाला. १९४७ मध्ये कंपनी काढली, सिअर्ससारख्या कॅटलॉगवाल्या दुकानांना माल पुरवला. गिटारी १९५४ पासून. स्वस्तात करायच्या म्हणून लाकडाची चौकट आणि वर-खाली मेसोनाइट, म्हणजे लाकडाच्या ढलप्या वाफेनं फोडून दाबून केलेला हार्डबोर्ड. कडा उघड्या दिसू नयेत म्हणून भोवती रेक्झिनची पट्टी. पिकअप बसवायचे ते लिपस्टिकच्या नळ्यांत. खरोखरच्या, सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांकडून घेतलेल्या. एक लांब चपटं चुंबक, त्यावर तारेचं वेटोळं, वर टेप, आणि हे सगळं नळीच्या दोन अर्ध्यांत सरकवायचं. ऐकायला थट्टा वाटते, पण युद्धाच्या काळात डॅनियलनं अमेरिकी सैन्यासाठी विद्युत गोंगाट रोखण्याचं काम केलं होतं. पिकअपभोवती धातूचं कवच असलं की घुरघुर कमी होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वस्ताई आणि शहाणपण एकाच नळीत. म्हणून या गिटारींत एक गोष्ट बदलली की भलतीकडे दुसरीचं बिनसतं.

तो जादा स्विच याचाच नमुना. दोन पिकअपांपैकी एकाची वेटोळ्याची टोकं उलट करणारा, म्हणजे दोघांचा आवाज एकमेकांना कापून पातळ, नाकातला निघावा म्हणून. फेंडर-गिब्सनच्या गिटारींवर ही करामत सत्तरच्या दशकात सर्रास होत असे. पण लिपस्टिक पिकअपमध्ये वेटोळ्याचं एक टोक नळीलाच जोडलेलं असतं आणि ते अर्थिंगला जातं. टोकं उलट केली की नळी अर्थिंगवरून निघून सिग्नलच्या बाजूला येते. कवच म्हणून ठेवलेली वस्तू अँटेना बनते. स्विच दाबला आणि नळीला बोट लावलं की ॲम्प्लिफायर घों करायचा. मी स्विच काढून टाकला नाही. नळीचा सांधा वेटोळ्यापासून सोडवला, तिला स्वतंत्र बारीक तार डाग देऊन अर्थिंगला नेली, आणि आता उलट-सुलट दोन्हीकडे शांत आहे. भोक पडलंच आहे, त्यात निदान चालणारी वस्तू असू दे.

खुंट्यांनाही हात लावला नाही. रुंद केलेली भोकं पुन्हा अरुंद करायची तर आत लाकडाचे नवे गोल बसवून परत पाडावी लागतात किंवा जाड बुशिंग घालावं लागतं, आणि ग्रोव्हर सूर घट्ट धरतात. जुन्या गिटारचे शौकीन यावर नाक मुरडतील. मुरडू देत, वाजवायची मला आहे.

ब्रिजचं मात्र तसं नव्हतं. तो नसेल तर वाद्यच नाही.

तयार 'बझ ब्रिज' बाजारात मिळतात, धातूचे. पण माझ्या मनात वेगळाच विचार होता. जवारी, म्हणजे घोडीचा (सतारीच्या ब्रिजचा) माथा घासून आणलेली झणझण, कशी लावतात हे मी लहानपणी रोज पाहिलंय. मिरजेत सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचा रस्ता. दुकानांच्या दारात तंबोरे आडवे टाकून माणसं घोडीवर कानस फिरवत बसलेली, मधूनच तार छेडून कान जवळ नेणारी. पंढरपूरकडचे भोपळे भिंतीला टांगलेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. जवारी म्हणजे नक्की काय, हे मात्र मला तोवर फक्त कानानं माहीत होतं.

मामांना फोन केला. त्यांच्या ओळखीच्या एका कारागीर चाचांशी त्यांनी व्हिडिओवर बोलणं घालून दिलं. मी गिटार कॅमेऱ्यापुढं धरली. चाचांनी बराच वेळ पाहिलं.

"ताई, ही भोपळ्याशिवाय वाजणार कशी?"

"चाचा, हिचा आवाज पिकअपमधून निघतो. तारेखाली चुंबक आहे."

"म्हणजे तबलीचं काम नाही. मग सगळा भार घोडीवरच." (तबली म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी.) थोडं थांबून, "घोडी कशाची करणार?"

पूर्वी सांबरशिंगाची घोडी करत. त्यावर बंदी आल्यापासून उंटाचं हाड, नाहीतर फायबर. मी पितळेबद्दल विचारलं, तर ते हसले. "पितळ बोलेल हो, पण ओरडेल." हाडाची धूळ माझ्या तळघरात नको होती, म्हणून डेलरिन नावाच्या टणक प्लास्टिकचा तुकडा घेतला. घट्ट, गुळगुळीत, आणि कानशीखाली भुसभुशीत न होता स्वच्छ कापला जाणारा. पिकअपला ब्रिजच्या पदार्थाशी देणंघेणं नाही. त्याला फक्त पोलादी तारेचं हलणं कळतं. पण ते हलणं कसं असेल हे ठरवतो ब्रिजच.

धातूचा ब्रिज काढल्यावर दोन कामं अंगावर आली. एक, त्याचा एक खांब आतल्या लाकडाच्या ठोकळ्यावर होता आणि दुसरा नुसत्या हार्डबोर्डवर. तो पुढं कलला होता आणि भोक लांबट झालं होतं. मेसोनाइटमध्ये स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा आवळून उपयोग नसतो, भुगाच निघतो. भोक साफ करून पातळ सुपरग्लू मुरवला, आतून लाकडाची पट्टी चिकटवली, मग वरून बंद केलं. दोन, तारांना अर्थिंग त्या धातूच्या ब्रिजमधून मिळत होतं. नवा ब्रिज प्लास्टिकचा, म्हणून अर्थिंगची तार मागं, तारांची टोकं अडकतात त्या पट्टीला जोडली.

मग कानस.

जवारीचं गणित सांगायला सोपं आहे. ब्रिजचा माथा अगदी सपाट असेल तर तार त्याला चिकटून बसते, आवाज मुका. धार असेल तर आवाज साधा, गिटारसारखा. दोघांच्या मधे एक अशी उतरण असते की तार हलताना माथ्याला पुढं-मागं टेकत जाते. कंपन मोठं असताना एका जागी, मंदावल्यावर दुसऱ्या जागी. त्यामुळं वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले बारीक वरचे सूर, एकामागून एक उमटत उतरतात आणि तोच तो झंकार. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहिताना दाखवलं होतं की या वाद्यांत एरवीचा नियम मोडतो. साधी तार बरोबर मध्यावर छेडली तर मध्यावर ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते स्वरांश, म्हणजे दुसरा, चौथा वगैरे, ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात ते येतात.

मला हे फारच उपयोगी पडलं, कारण त्यात मोजता येण्यासारखी कसोटी होती. फोनवर आवाजाचे स्वरांश दाखवणारं ॲप लावलं, तार बरोबर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मध्यावर, छेडली. धातूचा ब्रिज असताना घेतलेल्या नोंदीत दुसऱ्या स्वरांशाच्या जागी जवळजवळ खड्डा होता. नव्या तुकड्याचा माथा आधी सपाट ठेवून पाहिला: आवाज बसलेला, नोंदही लुळी. मग एकेक हात कानस, बारीक पॉलिश पेपर, तार चढवायची, छेडायची, पुन्हा उतरवायची. मधेच कधीतरी त्या खड्ड्याच्या जागी काडी उभी राहिली आणि कानालाही झणझण लागली.

चाचांना ॲपमध्ये रस नव्हता. त्यांनी दिवा मागवला. "तारेमागं उजेड धरा. तार आणि घोडी यांच्यामधे फट कशी उघडते ते दाखवा. सुईच्या टोकासारखी निमुळती हवी. मधे पोट नको." आणि तार काढल्यावर माथ्यावर उमटलेली तिची रेघ पाहायची: चकाकी जिथं तुटते तिथं उंचवटा आहे, तिथंच कानस, बाकी कुठं नाही. "घाई नको. काढलेलं परत भरता येत नाही."

सतारीवर न येणारी अडचण गिटारवर येते. सतारीत मुख्य काम एका बाजाच्या तारेवर. जवारी तिच्यासाठी लावायची. इथं सहाही तारा मुख्य, आणि त्यांत तीन साध्या पोलादी, तीन गुंडाळलेल्या. गुंडाळलेल्या तारेचं अंग खडबडीत. ती माथ्यावर टेकताना घासते आणि झंकाराऐवजी खरखर निघते. त्यासाठी जाड तारांखालची उतरण जास्त तीव्र ठेवली, म्हणजे टेकण कमी. शिवाय वरच्या फ्रेटवर बोट ठेवलं की तारेचा ब्रिजशी कोन बदलतो. मोकळी तार सुंदर बोलते आणि पंधराव्या फ्रेटवर गुदमरते. उपाय म्हणजे नेकचा कल. डॅनइलेक्ट्रोच्या नेक आतल्या पोलादी पट्ट्यांमुळं सरळ राहतात, सळी आवळायची सोय नाही. पण नेकच्या मुळाशी स्क्रूनं कल बदलता येतो. तो जरासा मागं घेतला, ब्रिज जरासा वर, आणि वरच्या फ्रेटांचा गळा मोकळा झाला. तारा पातळ घेतल्या, नऊच्या संचाच्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांशाची. जाड तारांचा ताण जास्त, त्या माथ्यावर नाचत नाहीत.

सुराची तक्रार पूर्ण गेलेली नाही. ब्रिजचा पुढचा काठ तिरपा ठेवून बरीच सावरली, तिसरी तार मात्र वरच्या फ्रेटांवर चढीच लागते. तिथं बोट हलकं ठेवायचं. ही गिटार कॉर्ड धरून वाजवायचं वाद्य नव्हेच; एका तारेवर धून, तारा ओढून मींड, आणि मागं खर्जाचा धरून ठेवलेला सूर. या वापरात चढ-उतार कानाला सलत नाही.

तरफांचं सांगायचं तर त्यांच्याबद्दल आधी माझ्याही अपेक्षा वाढलेल्या होत्या. सतारीत तरफा पडद्यांखालून जातात, त्यांची स्वतःची छोटी घोडी असते आणि मुख्य तारेचा सूर लागला की त्या आपोआप बोलतात. कोरलवर त्या बाजूला, स्वतंत्र. मुख्य तारांपासून त्यांच्यापर्यंत कंपन पोचतं ते हार्डबोर्डमधून, म्हणजे जेमतेम. तेरा नव्या तारा चढवून, यमनाच्या सुरांत लावून पाहिलं: नुसत्या बसून त्या फारसं काही बोलत नाहीत, अंगठ्यानं त्यांच्यावरून झोत सोडला तर खुलतात. स्टुडिओत त्या काळी त्यांचा उपयोग बहुधा असाच व्हायचा. त्यांच्या पिकअपला स्वतःचा आवाज आणि टोन आहे, तो मी थोडा चढा ठेवते. तरीही त्या लावायला लागणारा वेळ पाहता रोज लावण्याइतकं त्यांनी मला दिलेलं नाही, हे सरळ सांगते.

काम झाल्यावर रेकॉर्डिंग चाचांना पाठवलं, सुरुवातीला मोकळ्या तारा, मग यमनातली एक साधी गत. त्यांचा निरोप मामांच्या फोनवरून आला. जवारी फार खुली आहे, अजून थोडी बंद करा, गोल होऊ द्या. खुली जवारी जवळून बरी वाटते, बैठकीत बोचते. मी विचार केला. मिरजेत, शांत खोलीत, तंबोऱ्यासमोर ते बरोबरच आहेत. इथं ही गिटार ड्रम आणि बेसच्या मधे वाजणार, तिथं गोल आवाज बुडून जातो. कानस पुन्हा हातात घेतली नाही. मामांना तसं सांगितलं, ते म्हणाले, "सांगतो. पण त्यांना पटायचं नाही."

पटलं नाहीच. त्यांनी परत कळवलंय की पुढच्या वेळी मिरजेला येताना घोडी तेवढी काढून आणा, बाकीचं अमेरिकेत राहू दे.